आबासाहेबांनी खाली ठेवलेला पेला

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

सुझी तुस्कानो अजमानहून दोन टॅक्सी बदलून दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटात, तुमच्या दारात आली होती. तिच्या भावाचा पासपोर्ट उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीत अडकून पडला होता आणि भावाची बायको वसईला अंथरुणाला खिळली होती. तुम्ही म्हणालात, "मॅडम, हे प्रायव्हेट मॅटर आहे. मालक आणि कामगार यांच्यातलं. आमच्याकडे ना गाडी, ना माणूस, ना अधिकार." वर तिलाच विचारलंत, पाणी घेणार का. पुढच्याच महिन्यात आबासाहेब धुमटकर विमानातून उतरले तेव्हा गाडी होती, माणूस होता, आणि मागच्या सीटवर गार पाण्याच्या बाटल्याही होत्या. अधिकार तेवढा कुठून आला, ते तुम्हालाच ठाऊक.

आता हे सगळं तुम्हाला ऐकवायलाच सांगायचं आहे. बाकीच्यांनी ऐकलं तर त्यांची मर्जी.

कार्ल हा सुझीचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला आणि आखातात तिनेच आणला. उम्म अल कुवैनला एका पाइप फॅक्टरीत स्टोअरकीपर म्हणून चिकटवला. पासपोर्ट तेव्हा सगळ्यांचेच कंपनीच्या कपाटात असायचे, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण सुट्टीवर घरी जायचं तर एक रीत होती. जाणाऱ्याचा पासपोर्ट कपाटातून बाहेर काढायचा असेल तर दुसऱ्या कुणीतरी मॅनेजरसमोर उभं राहून सांगायचं, "हा परत येईपर्यंत माझा अडकवा." तोंडी जामीन. कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं आणि मोडायची हिंमत कुणात नव्हती.

अहमद नावाचा फिटर, रत्नागिरीकडचा. बहिणीचं लग्न होतं. कॅम्पात कार्लच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्याच्या ताटातलं खायचा. कार्ल उभा राहिला आणि म्हणाला, माझा अडकवा.

अहमद परत आला नाही. कुणी म्हणे त्याला दुसरीकडचा व्हिसा मिळाला, कुणी म्हणे बायकोने सोडला नाही. मॅनेजर खल्फान कार्लला म्हणाला, "हबीबी, जा ना. मी कुठे अडवतोय? अहमदला घेऊन ये आणि जा."

त्यानंतर शेनॉनच्या छातीत गाठ निघाली. शेनॉन म्हणजे कार्लची बायको. लग्नानंतर जेमतेम चार महिने दोघं एकत्र राहिलेली. फोनवर ती रडायची नाही, हेच सुझीला जास्त लागायचं. "सुझीबाय, घाई नको," म्हणायची, "केस परत आले की येऊ दे त्याला. असं टक्कल बघून पळून जायचा."

सुझी ज्यांच्या ऑफिसात सेक्रेटरी होती ते अबू सालेम हे त्या फॅक्टरीचे खरे मालक. खल्फान त्यांचा जावई. म्हातारा तरुणपणी मुंबईत राहिलेला, मोहम्मद अली रोडवर खजुराचा धंदा केलेला, हिंदी अशी बोलायचा की डोळे मिटले तर वाटावं भेंडीबाजारातला दुकानदारच बोलतोय. सुझीने त्यांच्यासमोर हात जोडले होते. ते तसबीहचे मणी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटी, फॅक्टरी दामाद को दी है. मैं बीच में पडूंगा तो मेरी लडकी के घर में झगडा होगा. इन्शाल्ला, कुछ होगा."

नोकराने मागितलं की ती घरातली कटकट. हे सुझीला बारा वर्षांत पुरतं कळलं होतं. पण तिला आणखी एक गोष्ट माहीत होती.

एकदा धैदकडचा वाळवंटातला एक फाटका बदू म्हातारा ऑफिसच्या मजलिसमध्ये आला होता. मजलिस म्हणजे बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या, मधे खजूर. त्याला कॉफी दिली. कानाएवढा बिनकानाचा पेला. त्याने तो घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला. खोलीतलं बोलणं थांबलं. अबू सालेम सरसावून बसले आणि म्हणाले, पी, तुझं काम झालं. काय काम ते नंतर विचारलं! कुणाच्या तरी विहिरीचं भांडण होतं, दोन पिढ्या चाललेलं, ते त्या दिवशी मिटलं. मागणं घेऊन आलेला पाहुणा पेला खाली ठेवतो आणि तो तसाच राहिला तर यजमानाचं नाक जातं. पाहुण्याच्या पेल्यापुढे मुलगा नाही, जावई नाही, कुणाचं चालत नाही.

म्हणजे पाहुणा हवा. तोही असा, की ज्याला नाही म्हटलं तर चारचौघांत बोलणं होईल.

आणि नेमके तेव्हाच आबासाहेब धुमटकर दुबईत अवतरले.

अखंड लोकहित पक्षाचे संस्थापक आणि अध्यक्ष. पक्षात त्यांच्याशिवाय आणखी कोण होतं हे पक्षालाही नीट माहीत नसावं. पोटनिवडणुकीत एकदा आमदार झाले होते, कारण उरलेले दोघे एकमेकांना पाडण्यात गुंतले होते. आता सत्त्याण्णव साली त्यांना राष्ट्रपती व्हायचं होतं. खरोखर! उमेदवारीच्या अर्जावर आमदार-खासदारांच्या सह्या लागतात, त्या मिळेनात. तेव्हा त्यांनी हिशेब मांडला की आखातातून पाठिंबा आणला, एखाद्या शेखाबरोबर फोटो झळकला, की सह्या करणारे आपोआप रांग लावतील.

करामा भागातल्या मराठी मंडळाने हॉल घेतला, सत्कार ठेवला. मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र, पुण्याचा अकाउंटंट. आपल्या लोकांची सवय तुम्हाला माहीत आहे. नगरसेवक आला की भावी आमदार, आमदार आला की भावी मुख्यमंत्री. शैलेंद्रने बॅनर रंगवून घेतला, 'भारताचे भावी राष्ट्रपती'. त्याची मुलगी ईश्वरी बॅनरकडे बघून म्हणाली, "बाबा, इज ही रिअली गोइंग टु बी प्रेसिडेंट?"

"हळू बोल," शैलेंद्र म्हणाला.

मंजुषा, त्याची बायको, मागे खुर्च्या पुसत होती. "याला आपल्या बिल्डिंगमध्ये पार्किंगसुद्धा कुणी सोडणार नाही. शाल केवढ्याला आणली?"

"पस्तीस दिरहम."

"साडेतीनशे रुपये! परत मागून घ्या जाताना."

सुझी हसली नाही. ती बॅनरकडे बघत होती. सत्कार संपल्यावर तिने शैलेंद्रला कोपऱ्यात गाठलं.

"शैलेंद्रभाऊ, हा माणूस मला एक सकाळ द्या."

"कशाला? सुझीताई, हा पोकळ डबा आहे. मी सेक्रेटरी आहे म्हणून सांगतोय. वाजतो फक्त."

"वाजला की पुरे. अबू सालेमना आतलं थोडंच दिसणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "बाबा, इंडिया के होनेवाले प्रेसिडेंट आपसे मिलना चाहते हैं." जन्मभर कन्फेशनला जाणारी बाई, खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही. म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "लाओ. खल्फान को भी बुला लो."

खल्फानला का बोलावलं, ते तिला तेव्हा कळलं नाही.

गाडी तुमच्याच ऑफिसची होती, साहेब. शैलेंद्र पुढे, मागे आबासाहेब आणि सुझी. तिने सगळं सांगितलं. कार्ल, अहमद, शेनॉन, जामिनाची रीत. मग पेल्याची गोष्ट, एकदा नाही, दोनदा.

"म्हणजे प्यायचीच नाही?" आबासाहेब म्हणाले.

"आधी नाही. खाली ठेवायची आणि थांबायचं. ते विचारतील. मग सांगायचं, माझ्या देशाच्या माणसाचा पासपोर्ट सोडा. ते हो म्हणाले की प्यायची. एवढंच."

"आणि ते नाही म्हणू शकत नाहीत?"

"पाहुण्याला नाही म्हणत नाहीत."

"काय जबरदस्त संस्कृती आहे!" आबासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आपल्याकडे चहा पाजतात आणि कामही करत नाहीत."

शैलेंद्र हसला. सुझीने विचारलं, "आबासाहेब, नाव लक्षात राहील ना? कार्ल तुस्कानो."

आबासाहेबांनी छातीवर हात ठेवला. "ताई, तुमचा भाऊ तो माझा भाऊ. धुमटकरचा शब्द आहे. एका माणसाला सोडवता येत नसेल तर कसला आलाय राष्ट्रपती?"

हे वाक्य त्यांचं आहे. सुझीने ते विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मजलिसमध्ये अबू सालेम मधोमध बसले होते. उजव्या हाताला खल्फान, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, तोंड आंबट. सात-आठ म्हातारे आजूबाजूला. आबासाहेबांनी खादीचा कडक झब्बा घातला होता, गळ्यात ती पस्तीस दिरहमची शाल. सुझी दाराजवळ उभी राहिली आणि तेवढ्यात तिला दिसलं. खल्फानच्या छातीच्या खिशातून गडद निळ्या पुठ्ठ्याची कडा डोकावत होती. पासपोर्ट! म्हाताऱ्याने तो आणायला लावला होता. त्याला सगळं कळलं होतं. पाहुणा कशाला येतोय, सुझीच का आणतेय. लेकीच्या संसारात भांडण न लावता जावयाचा हात उघडायचा तर म्हाताऱ्यालाही हा पेलाच हवा होता.

तिने मनातल्या मनात शेनॉनला सांगून टाकलं, येतोय गं.

खिदमतगाराने पितळी दल्ल्यातून, म्हणजे लांब चोचीच्या किटलीतून, कॉफी ओतली. वेलचीचा वास सुटला. आबासाहेबांनी पेला हातात घेतला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो गालिच्यावर खाली ठेवला.

अबू सालेमच्या डोळ्यांत हसू आलं. "पियो, मेहमान. तुम्हारा काम हो गया. बोलो, क्या चाहिये?"

आणि त्यांनी हात थोडा खल्फानकडे वळवला. हे सुझीने पाहिलं. शैलेंद्रनेही पाहिलं.

आबासाहेब ताठ झाले. घसा खाकरला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुझीने करामाच्या हॉलमध्ये बॅनरखाली पाहिलं होतं. "शेखसाहब," ते म्हणाले, "मैं भारत के राष्ट्रपती पद का उम्मीदवार हूं. मुझे आपका समर्थन चाहिये. पूरे अरब जगत का समर्थन. और आपके साथ एक फोटो."

दुभाषी सुझी असती तर तिने त्यांच्या तोंडात कार्लचं नाव कोंबलं असतं. पण म्हाताऱ्याला हिंदी येत होती. हीच तर मजा.

"बस?" अबू सालेमनी विचारलं. "और कुछ नहीं? अपने किसी आदमी के लिये?"

म्हाताऱ्याने बोलण्याचं दार उघडं ठेवलं होतं. आत यायला एक पाऊल पुरे होतं. सुझी दारातून पुटपुटली, "आबासाहेब... कार्ल..." शैलेंद्रने मागून त्यांचा झब्बा ओढला.

आबासाहेबांनी झब्बा सोडवून घेतला. "जी नहीं. बस, आपका आशीर्वाद."

आणि त्यांनी पेला उचलून एका घोटात संपवला.

अबू सालेम उठले. शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी आपला सोनेरी काठाचा काळा बिश्त, तो अंगावरचा झुळझुळीत झगा, काढून आबासाहेबांच्या खांद्यावर टाकला, शेजारी उभे राहिले. शैलेंद्रच्याच कॅमेऱ्याने फोटो निघाला. खल्फानने खिशावरून हात फिरवला, निळी कडा आत सरकवली आणि "यल्ला, शुगल आहे, काम आहे" म्हणून निघून गेला. जाताना त्याने सुझीकडे बघून खांदे उडवले. त्यात दुष्टपणा नव्हता. मी तर घेऊन आलो होतो, एवढंच त्यात होतं.

पाहुणे गेल्यावर सुझी म्हाताऱ्याच्या पायाशी बसली. "बाबा, मेरा भाई..."

"मैंने पूछा था, बेटी. दो बार पूछा." त्यांनी रिकाम्या पेल्याकडे बोट दाखवलं. "मुझे लगा, इतने बडे मुल्क का आदमी है, अपने आदमी के लिये मांगेगा. उसने फोटो मांगा. खलास."

परतीच्या वाटेवर आबासाहेबांची मान खुशीने डोलत होती. शेवटी शैलेंद्रच म्हणाला, "आबासाहेब, त्या पोराचं राहिलं."

"अहो, मोठ्या स्टेजवर लहान विषय काढायचा नसतो. इमेज जाते. मी राष्ट्रपती झालो की पहिली सही त्याच्या फायलीवर. ताई, रागावलात?"

"गाडी थांबवा," सुझी ड्रायव्हरला म्हणाली. अजमानच्या चौकात भर उन्हात ती उतरली.

पुढच्या आठवड्यात अबू सालेम उपचारांना लंडनला गेले. तिथून पेटीत आले. दुसरा पाहुणा शोधायला सुझीला सवड मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी पेला पुढे करणारा हात उरला नव्हता. त्या उन्हाळ्यात दिल्लीने उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्यांची संख्या एकदम वाढवली. आबासाहेबांना आधीच्या मिळाल्या नव्हत्या, वाढलेल्या कुठून मिळणार? अर्ज भरलाच गेला नाही. पण बिश्तातला तो फोटो पत्रकांवर छापला गेला, 'अरब जगताचा पाठिंबा', आणि तालुक्यातालुक्यांत वाटला गेला. त्या फोटोच्या जोरावर त्यांनी पक्षासकट स्वतःला एका मोठ्या पक्षात विलीन केलं आणि एका महामंडळाचे अध्यक्ष झाले. लाल दिव्याची गाडी मिळाली.

दिल्लीत नवे राष्ट्रपती शपथ घेत होते त्या आठवड्यात शेनॉन गेली. कार्लला फोनवर सुझीनेच सांगितलं. पलीकडून पाइप कापायच्या मशीनचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "सुझीबाय, केस आले होते का गं तिचे परत?"

तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आले होते.

दोन महिन्यांनी फॅक्टरीत माणसं कमी करायची वेळ आली. खल्फानने कपाट उघडलं, पासपोर्ट कार्लच्या हातात दिला. अहमदचं नाव कुणी काढलंही नाही. कार्ल वसईला गेला. घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. आता तो तिथे कुणाशी फारसा बोलत नाही. कुणी कशाला जामीन राहतो म्हटलं की तेवढा उठून जातो.

आणि त्या हिवाळ्यात आबासाहेब पुन्हा दुबईला आले. अभ्यासदौरा होता म्हणे. तोच करामाचा हॉल, नवा बॅनर. शैलेंद्रने सेक्रेटरीपद सोडलं होतं, पण आपल्या मंडळात बॅनर रंगवणाऱ्यांची कमी नाही. या वेळी 'भावी मुख्यमंत्री' होतं. पहिल्या रांगेत, साहेब, तुम्ही होतात. गळ्यात तुमच्याही शाल होती.

सुझीला कुणी बोलावलं नव्हतं. मंजुषाने तिला मागच्या दाराने आत घेतलं. "काय करणार आहेस?" तिने विचारलं.

"पाहुणी म्हणून आलेय," सुझी म्हणाली.

तिच्या हातात पितळी दल्ला होता, अबू सालेमच्या ऑफिसातला. मजलिस मोडली तेव्हा त्यांच्या लेकीने तिला आठवण म्हणून दिलेला. आबासाहेब भाषणाला उभे राहणार तोच ती सरळ स्टेजवर चढली. लोकांना वाटलं, काहीतरी अरबी पद्धतीचा सत्कार आहे. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तिने एक पेला भरला. आबासाहेब हसून हात पुढे करत होते. तिने तो त्यांना दिला नाही. स्वतःच हातात धरला, त्यांच्यासमोर टेबलावर खाली ठेवला आणि हात मागे घेतला.

आबासाहेबांचं हसू तिथेच गोठलं. त्यांना ओळख पटली. बाईची, आणि पेल्याचीही.

"बसा ताई, बसा, नंतर बोलू," ते माइकवर हात ठेवून म्हणाले.

"नंतर नाही. रीत तुम्हाला माहीत आहे, मीच शिकवली होती." माइकवरचा हात तिने बाजूला केला. हॉलभर आवाज गेला. "मी हा पीत नाही, आबासाहेब. मला पासपोर्ट नको, फाइल नको, सही नको. ज्याला हवं होतं तो वसईला जाऊन बसलाय, जिला हवं होतं ती मातीत आहे. मला फक्त एक सांगा. तिथे तुम्ही पेला खाली ठेवलात आणि त्या म्हाताऱ्याने विचारलं, अपने किसी आदमी के लिये, तेव्हा तुम्हाला माझ्या भावाचं नाव आठवत होतं की नव्हतं?"

ती पहिल्या रांगेकडे वळली. "आणि साहेब, तुमच्याकडे गाडी नव्हती ना? मग त्या दिवशी आम्ही कशात बसून गेलो होतो?"

पेल्यातली वाफ हळूहळू विरत होती.

"कॉफी गार होतेय," सुझी म्हणाली. "कोण बोलतंय आधी? बोला."